लिव्हर सिरॉसिस आणि एंडोस्कोपी: दुर्बिणीने इन्फेक्शन होतं का? (वडिलांचं बँडिंग ठरलंय)

गिरणाकाठ

राम राम मंडळी. आरोग्य विभागात पहिल्यांदाच धागा काढतोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचे अण्णा, वय ६३, कपाशीवाले शेतकरी. आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, पण शुगर जुनी आणि वजन भरपूर. मागच्या पावसाळ्यात पाय सुजले, पोट फुगलं. जळगावला दाखवलं तर लिव्हर सिरॉसिस निघालं, म्हणजे लिव्हर कडक होत जाण्याचा आजार. (गावात लोक अजून डोळा मारून विचारतात, "अण्णा कधी घेत होते हो?" असो.) पोटातलं पाणी गोळ्यांनी उतरलं. मग दुर्बीण टाकून बघितली तर अन्ननलिकेत मोठ्या व्हेरिसेस, म्हणजे फुगलेल्या शिरा, आणि त्यांच्यावर लाल ठिपके. त्या फुटू नयेत म्हणून कार्वेडिलॉल नावाची गोळी देतात, पण अण्णांना दमा आहे, त्यामुळे ती चालत नाही. म्हणून बँडिंग, म्हणजे दुर्बिणीतून त्या शिरांवर रबराच्या छोट्या कड्या बसवणं. पुढच्या आठवड्यात तारीख आहे.

आता मुद्दा. सुरतला चुलतभाऊ कापड मार्केटात आहे. तो म्हणतो, त्याच्या ओळखीच्या एकाला असाच आजार होता, दुर्बीण टाकली आणि चार-पाच दिवसांत पोटात इन्फेक्शन होऊन माणूस गेला. "आधी चांगलं अँटिबायोटिक सुरू करायला सांग, नाहीतर दुर्बिणीला हात लावू देऊ नको," असा त्याचा रोज फोन. आमच्या डॉक्टरांना विचारलं तर "ठरवून करतोय, गरज नाही" एवढं बोलून त्यांनी पुढचा नंबर बोलावला. ओपीडीला गर्दी मरणाची, त्यांनाही दोष देत नाही.

पण घरात आता दोन पार्ट्या झाल्यात. आई म्हणते बँडिंगच नको. कुणाला अनुभव किंवा माहिती असेल तर सांगा.

खान्देशी_ठेचा

डाक्टर सांगस तसं करा भो. सुरतना भाऊनं ऐकीसन काय व्हनार शे?

शिरपूरकर

माझ्या मते चुलतभाऊ बरोबर बोलतोय. सिरॉसिसच्या पेशंटची प्रतिकारशक्ती शून्य. एकच दुर्बीण दिवसभर वीस-पंचवीस लोकांच्या पोटात जाते. आमच्याकडे मेडिकलवाला ओळखीचा आहे, आम्ही कुठल्याही ऑपरेशनच्या दोन दिवस आधीपासून हाय पॉवरची गोळी सुरू करतो. आजपर्यंत काही झालं नाही.

केळीबाग

शिरपूरकरदादा, असं परस्पर काही सांगू नका हो. लोक वाचतात आणि तसंच करतात.

गिरणाकाठ भाऊ, मी रावेरची. आमच्या सासूबाईंना सिरॉसिस, त्यांना जुनी हिपॅटायटिस सी होती. त्यांची हकीकत सांगते, कारण आमच्याही भावकीत "दुर्बिणीनेच इन्फेक्शन केलं" असं अजून बोललं जातं.

रात्री जेवणं झाल्यावर त्यांना एकदम रक्ताची उलटी झाली. कॉफीसारखी काळपट नाही, लालभडक, मोरीत गोळे पडलेले. जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे सलाईन लावलं, उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं आणि सकाळपर्यंत बघू म्हणाले. पहाटे त्या बरळायला लागल्या. मला ओळखेनात, साडीचा पदर धरून "बैल सोडला का" म्हणत होत्या. मग मात्र आम्ही गाडी केली आणि जळगाव गाठलं.

तिथल्या डॉक्टरांनी आल्याआल्या दोन गोष्टी केल्या. सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू केलं आणि पोटात बारीक सुई घालून थोडं पाणी तपासायला काढलं. त्यानंतर मग रक्त, बाकीची इंजेक्शनं, आणि त्या गुंगीत होत्या म्हणून आधी श्वासाची नळी घालून नंतर दुर्बीण. बँड बसले, रक्त थांबलं. दुपारी पाण्याचा रिपोर्ट आला, त्यात त्या पांढऱ्या पेशी ६०० च्या वर. २५० च्या वर गेल्या की पोटातल्या पाण्यात इन्फेक्शन धरतात म्हणे.

आता बघा, पाणी काढलं ते दुर्बिणीच्या आधी. म्हणजे इन्फेक्शन आत आधीच होतं. पण गावात आलं काय, तर दुर्बीण टाकली आणि पोट सडलं. सासूबाई अल्ब्युमिनच्या बाटल्या आणि इंजेक्शनांवर निघाल्या त्यातून. नंतरही त्यांचं बँडिंग झालं, ठरवून, घरून जाऊन. त्या वेळेला कसलंही अँटिबायोटिक दिलं नाही आणि काही झालंही नाही.

गिरणाकाठ

ताई, अंगावर काटा आला. ही पाण्याची तपासणी आधी झाली होती ही गोष्ट महत्त्वाची वाटतेय. चुलतभावाला विचारतो, त्या माणसाला नेमकं काय झालं होतं.

शंकासूर

मला यात एक कळत नाही. एकाच आजारात, एकच बँडिंग. एकदा अँटिबायोटिक "आल्याआल्या" आणि एकदा "गरज नाही". दोन्ही बरोबर कसं? आणि एक डोस जास्त गेला तर बिघडतं काय? सर्दीला देतात तेव्हा नाही कुणी विचार करत.

पोटोबा

मी मूळचा अमळनेरचा, सध्या नाशिकला पोटविकार आणि लिव्हरचेच पेशंट बघतो. पेशंट न बघता कुणाचे उपचार ठरवणार नाही, पण शंकासूर यांचा प्रश्न नेमका आहे म्हणून लिहितो.

आधी हे समजून घ्या की सिरॉसिसमध्ये जंतू येतात कुठून. बहुतेक वेळा बाहेरून नाही, पेशंटच्या स्वतःच्या आतड्यातून. आतड्यातलं सगळं रक्त पोर्टल शिरेने लिव्हरमध्ये जातं आणि तिथल्या कुप्फर नावाच्या पेशी त्यातले जंतू टिपून घेतात. सिरॉसिसमध्ये लिव्हर घट्ट होतं, आतला दाब वाढतो आणि रक्त दुसरीकडून वाट काढतं. कन्नडचा घाट बंद झाला की ट्रक आडरस्त्याने निघतात आणि मधला तपासणी नाका चुकतो, तसं. अन्ननलिकेतल्या व्हेरिसेस म्हणजे असलेच आडरस्ते. त्यात आतड्याची भिंतही सैल झालेली असते, लिव्हर जी संरक्षक प्रथिनं बनवतं तीही कमी. म्हणून आतड्यातले ई. कोलाय, क्लेब्सिएल्ला यांसारखे जंतू रक्तात आणि तिथून पोटातल्या पाण्यात उतरतात. पाण्यात असं आपोआप होणारं इन्फेक्शन म्हणजे एसबीपी. केळीबाग ताईंच्या सासूबाईंना तेच झालं होतं.

आता रक्तस्राव. शीर फुटून रक्त गेलं की बीपी उतरतं, आतड्याचा रक्तपुरवठा घटतो, भिंत आणखी सैल होते. आतड्यात साचलेलं रक्त हे जंतूंचं खाद्यच. पेशंट गुंगीत असेल तर उलटीतलं रक्त फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. म्हणूनच त्यांनी आधी श्वासाची नळी घातली, ते अगदी योग्य केलं. वर सलाईनची सुई, लघवीची नळी, हीही जंतूंची दारंच. सिरॉसिसमध्ये रक्तस्राव होऊन दाखल होणाऱ्या पाचांपैकी साधारण एकाला पहिल्या दोन दिवसांतच जंतुसंसर्ग सापडतो. प्रतिबंधक औषध दिलं नाही तर पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत हे प्रमाण तिघांत एकाच्याही वर जातं. आणि इन्फेक्शन झालं की पुन्हा रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते, किडनी बसते. म्हणून अशा वेळी अँटिबायोटिक दुर्बिणीसाठी नसतंच, ते रक्तस्रावासाठी असतं. दुर्बीण टाका किंवा टाकू नका, ते द्यायचंच. सेफ्ट्रिॲक्झोन रोज १ ग्रॅम शिरेतून, जास्तीत जास्त ७ दिवस, ही सर्वसाधारण पद्धत. त्याने मृत्यूही कमी होतात, हे बऱ्याच अभ्यासांतून पक्कं झालंय. पूर्वी नॉरफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्या द्यायचे. २००६ साली स्पेनमधल्या अभ्यासात बळावलेल्या सिरॉसिसच्या पेशंटमध्ये दोन्हींची तुलना झाली, तेव्हा गोळीवाल्यांत ३३ टक्क्यांना इन्फेक्शन आणि सेफ्ट्रिॲक्झोनवाल्यांत ११ टक्क्यांना, असा फरक दिसला.

ठरवून केलेल्या बँडिंगचं गणित वेगळं. पेशंट घरून चालत आलाय, बीपी ठीक, शुद्धीवर आहे, कुठे रक्त नाही. दुर्बीण आत गेली की तोंडातले, घशातले काही जंतू रक्तात जातात हे खरं. नुसत्या तपासणीच्या दुर्बिणीत सरासरी १०० पैकी ४ जणांत, बँडिंगमध्ये ९ च्या आसपास, आणि शिरेत औषध टोचायची जी जुनी पद्धत होती तिच्यात १५ च्या आसपास. पण ते जंतू थोड्याच वेळात नाहीसे होतात, त्यातून खरा आजार फार क्वचित होतो. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा: दात घासल्यावर आणि दोऱ्याने फटी साफ केल्यावर जंतू थोडा वेळ रक्तात दिसण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत २० ते ६८ टक्के आलंय. सकाळी ब्रश करायच्या आधी कुणी इंजेक्शन घेतं का? म्हणून ठरवलेल्या बँडिंगला प्रतिबंधक अँटिबायोटिक देत नाहीत. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबर सांगितलंय, फक्त फार थोडक्यात.

"एक डोस जास्त गेला तर काय बिघडतं" याचं उत्तर: सिरॉसिसच्या पेशंटचं जरा जास्तच बिघडतं. त्याला आयुष्यात कधी ना कधी एसबीपी होण्याची भीती असते, आणि तेव्हा औषध चालणं हा जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो. उठसूट घेतलेल्या गोळ्यांनी आतड्यात रेझिस्टंट जंतू पोसले गेले तर ऐन वेळी काय द्यायचं? नॉरफ्लॉक्सॅसिनच्या जातीची औषधं आपल्याकडे बोथट झालीत ती अशीच. शिरपूरकर, तुमच्या मेडिकलवाल्याला हे जरूर सांगा.

शंकासूर

दात घासण्याचा आकडा वाचून मी गप्प. धन्यवाद डॉक्टर.

शिरपूरकर

पण दुर्बीण धुण्याचं काय? त्यावर कुणी बोललं नाही. सगळीकडे नाशिक-पुण्यासारखी मोठी हॉस्पिटलं नाहीत.

निळा_गाऊन

यावर मी बोलते. मी धुळ्याला एंडोस्कोपी रूममध्ये सिस्टर आहे. हॉस्पिटलचं नाव विचारू नका.

शिरपूरकर भाऊंची शंका चुकीची नाही. दुर्बीण एकच असते आणि ती अनेकांना वापरतात. ती ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या गरम वाफेत, टाकता येत नाही, वितळेल. म्हणून धुणं हाच सगळा खेळ आहे, आणि त्यात घाई चालत नाही.

पेशंटच्या तोंडातून स्कोप बाहेर आला की तिथेच, पलंगापाशीच, बाहेरून पुसून त्याच्या चॅनेलमधून, म्हणजे आतल्या बारीक नळीतून, एंझाइमचं पाणी ओढायचं. हे राहिलं तर तासाभरात आत कफ-रक्त वाळून चिकटतं आणि मग कितीही औषधात बुडवा, खालचे जंतू मरत नाहीत. नंतर सिंकवर लीक टेस्ट. स्कोपमध्ये हवा भरून पाण्यात धरायचा. कुठून बुडबुडे आले तर कातडं फाटलंय, तो स्कोप बाजूला. मग ब्रश. लांब, लवचीक तारेचा, एका टोकाने घातला की दुसऱ्या टोकाने बाहेर येतो. बाहेर आलेला ब्रश बोटांनी धुवायचा आणि पुन्हा ओढायचा, जोवर ब्रश स्वच्छ येत नाही तोवर. बँडिंगनंतर पहिल्या फेरीला ब्रशच्या केसांत रक्ताचे बारीक काळे धागे अडकून येतात. ते दिसतात म्हणून बरं, कारण न दिसणारं जास्त वाईट. या हाताने धुण्यात जे निघतं ते मशीनही काढू शकत नाही.

त्यानंतर औषधात पूर्ण बुडवायचा, चॅनेलमध्येही औषध भरून. ग्लुटाराल्डिहाइड २ टक्के असेल तर २० मिनिटं. काही ठिकाणी ऑर्थोफ्थॅलाल्डिहाइड किंवा पेरॅसिटिक ॲसिड असतं, त्यांच्या वेळा वेगळ्या. औषध किती दिवस जुनं झालंय, त्यात दम राहिलाय का, हे पट्टी बुडवून बघायचं. मग फिल्टरच्या पाण्याने धुवायचा, स्पिरिट ओढायचं, हवेने आतून सुकवायचा, आणि कपाटात उभा टांगायचा. पेटीत गुंडाळून ठेवायचा नाही. ओला स्कोप रात्रभर राहिला तर सकाळी आत जंतूंचं रान माजलेलं असतं. बायोप्सीचा चिमटा आणि बँडचा सेट वेगळे, ते स्कोपचा भाग नाहीत. आणि भूल-बिल देताना एकाची सिरिंज, एकाची बाटली दुसऱ्याला वापरायची नाही. कावीळ पसरायला स्कोपइतकीच ही बाटलीही कारण ठरू शकते.

तुम्ही नातेवाईक म्हणून आमच्यावर पोलिसासारखे उभे राहिलात तर आम्हाला राग येतो, खरं सांगते. पण "सिस्टर, दोन पेशंटच्या मध्ये स्कोप धुवायला किती वेळ लागतो?" असं सहज विचारलं तर उत्तरावरून बरंच कळतं. कुणी "पाच मिनिटं" म्हणालं तर मी असते तर उठून आले असते. सकाळचा पहिला नंबर मागायचं वेड मात्र सोडा. नीट धुणाऱ्याकडे शेवटचा नंबरही चालतो.

पोटोबा

सिस्टर, दंडवत. तुमचा प्रतिसाद आमच्या फेलोंना, म्हणजे शिकाऊ डॉक्टरांना, छापून द्यायला हवा.

त्यात एकच भर घालतो. दुर्बिणीतून जंतू एकाकडून दुसऱ्याकडे गेल्याच्या ज्या मोठ्या बातम्या आल्या, त्यातल्या बऱ्याचशा ईआरसीपीच्या, म्हणजे पित्तनळीत शिरायच्या तपासणीच्या, स्कोपच्या. २०१५ मध्ये लॉस एंजेलिसमधलं प्रकरण गाजलं होतं. त्या स्कोपच्या टोकाला एक हलणारं बारीक दार असतं, त्याच्या मागे ब्रश पोचत नाही. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये टोक बदलता येणाऱ्या किंवा एकदाच वापरायच्या स्कोपकडे वळा असं सांगितलं. पित्तनळीत अडथळा असेल आणि तो पूर्ण मोकळा होणार नसेल तर ईआरसीपीआधी अँटिबायोटिक देतात. पोटावरून जेवणाची नळी बसवायची असेल तर सगळ्यांनाच देतात, आणि पोटात पाणी असेल तर ती नळी शक्यतो टाळतातच. बँडिंगचा स्कोप साधा, त्याला तसलं दार नसतं.

गिरणाकाठ

चुलतभावाशी बोललो. नीट खोदून विचारल्यावर कळलं, त्या माणसाला आधी घरी दोनदा रक्ताची उलटी झाली होती, त्या दिवशी नेलंच नाही, "उष्णता झाली" म्हणून कोकम सरबत देत बसले. काळी संडास सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी ॲडमिट. म्हणजे ताईंच्या सासूबाईंसारखंच. आता तोही जरा नरमलाय. आईला अजून पटवायचं बाकी आहे.

डॉक्टरसाहेब, दोन शंका. अण्णांना पूर्वी पोटात पाणी होतं, आता सोनोग्राफीत अगदी थोडं आहे म्हणे. त्याने काही फरक पडतो का? आणि घरी आल्यावर कशाकडे लक्ष ठेवायचं?

पोटोबा

थोडं पाणी असेल तर बँडिंग अडत नाही. पण त्या दिवशी पोट दुखत असेल, ताप असेल, माणूस सुस्त वाटत असेल, लघवी कमी झाली असेल, तर आधी सांगा. मग पाणी तपासून, इन्फेक्शन असेल तर आधी ते आटोक्यात आणून पुढची तारीख घेतात. ज्यांना पूर्वी एसबीपी होऊन गेलाय त्यांना पुन्हा होऊ नये म्हणून बरेचदा रोजची एक गोळी चालू ठेवलेली असते. अशांनी दुर्बीण आहे म्हणून ती परस्पर बंद करायची नाही.

घरी आल्यावर पहिले दोन-तीन दिवस छातीत दुखणं, घास अडकल्यासारखं वाटणं होतं. एखाद दिवस अंग कोमट लागतं. तेवढ्याने घाबरू नका. पण सिरॉसिसमध्ये एक मोठी गोची आहे: इन्फेक्शन असूनही ताप येतोच असं नाही. म्हणून थर्मामीटरवर सगळा भरवसा ठेवू नका. रात्री झोप नाही आणि दिवसा झोपाळू, बोलण्यात असंबद्धपणा, हात पुढे केले की फडफडणं, लघवी घटणं, पोट दुखणं किंवा एकदम फुगणं, थंडी वाजून ताप, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी गाठा. डांबरासारखी काळी संडास किंवा रक्ताची उलटी झाली तर तासही थांबू नका. बँड साधारण आठवड्याभराच्या आगेमागे गळून पडतात, तिथे जखम असते, आणि काही जणांना त्याच सुमारास रक्तस्राव होतो.

एक कळकळीची विनंती. अंग दुखलं, ताप आला म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात डायक्लोफिनॅकची (दुखणं थांबवायची) सुई घेऊ नका. किडनी आणि शिरा दोन्हींना घातक. जेंटामायसिन, अमिकासिन ही अँटिबायोटिकही नको, तीही किडनीला मारतात. पॅरासिटामॉल चालतं, पण दिवसाला एकूण २ ग्रॅमच्या आत. आणि बँडिंगनंतर पित्ताची पॅन्टोप्राझोल देतात ती थोड्या दिवसांपुरती, जखम भरायला. आपल्याकडे ती गोळी एकदा सुरू झाली की दहा वर्षं खिशात असते. पोटातलं ॲसिड हेही जंतूंविरुद्धचं कुंपण आहे. ते वर्षानुवर्षं दाबून ठेवलं तर सिरॉसिसमध्ये इन्फेक्शनची शक्यता वाढते असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. कधी बंद करायची ते विचारून घ्या.

खान्देशी_ठेचा

आणि जेवणाचं? आमच्याकडे पाहुणे आले की पेशंटलाबी शेवभाजीच वाढतात.

निळा_गाऊन

पहिला दिवस गार किंवा कोमट पातळ. दूध, ताक, पेज, डाळीचं पाणी. मग आठवडाभर मऊ: गुरगुट्या भात, मुगाची खिचडी, दुधात चुरलेली पोळी. कळण्याची भाकरी, बट्टी, पापड, तळलेली मिरची आणि तुमचा ठेचा, सगळं बंद. गरमागरम चहासुद्धा नाही. पण उपाशी ठेवू नका. या पेशंटना प्रोटीन लागतं, आणि रात्री झोपताना काहीतरी खायला हवं. लोक लिव्हरचा आजार म्हणून डाळ-दूध बंद करतात आणि नुसत्या उसाच्या रसावर ठेवतात. अण्णांना शुगर आहे, त्यांना तर तो नकोच.

केळीबाग

आणि केळीचं मी सांगते, रावेरची असून. सासूबाईंना स्पायरोनोलॅक्टोनची गोळी होती, लघवी व्हायची. बागेतली केळी घरात घडांनी, त्या दिवसाला पाच-सहा खायच्या. पोटॅशियम इतकं वाढलं की डॉक्टर म्हणाले, बाग विकताय की खाताय? आता एखादं केळं, तेही रिपोर्ट बघून.

तापीखोरे

मी तळोद्याकडचा. वाचून एक अडचण मांडतो. आमच्याकडून नंदुरबार गाठायचं, तिथे दुर्बीण नाही झाली तर सुरत किंवा धुळे. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवरून तर घाट उतरण्यातच रात्र जाते. रक्ताची उलटी झाली तर दुर्बिणीपर्यंत पोचायला बारा-पंधरा तास सहज. मधल्या वेळात काय करायचं? तोवर अँटिबायोटिक थांबायचं का?

पोटोबा

नाही, थांबायचं नाही, आणि या धाग्यातला सर्वांत कामाचा प्रश्न हाच. दुर्बीण शक्यतो दाखल झाल्यापासून १२ तासांत करतात, पण तिची वाट बघत औषधं अडवून ठेवत नाहीत. सेफ्ट्रिॲक्झोनचा पहिला डोस जिथे पहिल्यांदा सलाईन लागेल तिथेच जायला हवा. ते बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत असतं. शिरांमधला दाब उतरवणारं ऑक्ट्रिओटाइड किंवा टर्लिप्रेसिन असेल तर तेही तिथूनच सुरू. पेशंटला सिरॉसिस आहे हे तिथल्या ड्यूटी डॉक्टरला कळलं तरच ते हे देणार. रात्री दोन वाजता समोर नुसता "उलटी झालेला पेशंट" आला तर त्यालाही काय सुचणार?

वाटेत कुशीवर झोपवा, तोंडात पाणी-दूध काही घालू नका, १०८ ला फोन करतानाच "रक्ताची उलटी, लिव्हरचा पेशंट" असं सांगा. रक्त चढवलं म्हणजे जास्तीत जास्त चढवा असा आग्रह धरू नका. हिमोग्लोबिन ७-८ च्या आसपास ठेवतात ते मुद्दाम, जास्त भरलं की शिरांमधला दाब वाढून पुन्हा फुटतात. संडास साफ होण्यासाठी लॅक्ट्युलोज देतात, आतड्यातलं रक्त लवकर बाहेर पडावं म्हणून. त्याने गुंगीचा धोका कमी होतो.

आणि सगळ्यांनाच दुर्बीण लागते असंही नाही. फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजायची तपासणी) २० च्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील तर मोठ्या व्हेरिसेस असण्याची शक्यता फार कमी. अशांना नुसत्या तपासणीसाठी दुर्बीण टाळता येते, २०१५ पासून तसं मान्य झालंय. पाड्यावरून माणूस दोनशे किलोमीटर आणण्याआधी हे विचारायला हरकत नाही.

तापीखोरे

हे माहीतच नव्हतं. आमच्या आशाताईंना वाचायला देतो.

गिरणाकाठ

सगळ्यांचे आभार. आईला केळीबाग ताईंचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, "मग त्या बाईंचं पाणी आधी काढलं होतं ना, मग ठीक." झालं, बँडिंग होणार. फुले जनआरोग्य योजनेत बसेल का तेवढं बघतोय.

निळा_गाऊन

हॉस्पिटलमधल्या योजनेच्या माणसाला, आरोग्यमित्राला, आधीच भेटा, ॲडमिट झाल्यावर नाही. रेशनकार्ड, आधार आणि जुन्या दुर्बिणीचा रिपोर्ट बरोबर न्या. मंजुरीला वेळ लागतो.

आणि बँडिंग एकदाच होऊन संपत नाही बरं का. शिरा पूर्ण बसेपर्यंत काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा बोलावतात. लोक पहिल्यानंतर "आता बरं आहे" म्हणून येतच नाहीत आणि मग थेट रात्री कॅज्युअल्टीत भेटतात. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: लिव्हर सिरॉसिस, व्हेरिसेस, शेवटचं बँडिंग कधी, दमा, शुगर, कुठल्या औषधाची ॲलर्जी. त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवा, सुरतच्या भावाच्यासुद्धा.

खान्देशी_ठेचा

सुरतना भाऊले आते तरी शांत झोपू द्या भो.